नाशिकला नवीन आयुक्त कसा पाहिजे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि सरळ उत्तरं

महापालिका आयुक्तांची बदली होणार अशी नुसती कुजबूज जरी झाली तरी राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, होते त्याच्या दुप्पट चर्चा बाहेर होते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जॉगिंग ट्रॅकवर, रविवारी मिसळीच्या टेबलावर. आणि प्रश्न सगळीकडे तेच तेच. पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, गंगापूर रोड, जुनं नाशिक, सगळीकडच्या लोकांच्या तोंडून जे ऐकलं ते एका जागी उतरवून काढलंय. उत्तरं तटस्थ वगैरे नाहीत, आधीच सांगून ठेवतो, मत आहे तिथे मत दिलंय.

आयुक्त आपण निवडून देतो का?

नाही हो. आपण नगरसेवक निवडतो, आयुक्त राज्य सरकार नेमतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, त्यातलं कलम ३६. एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी नेमणूक, आणि माणूस साधारण आयएएसमधला. त्यामुळे "या वेळी चांगला आयुक्त निवडून देऊ" असं कोणी स्टेजवरून म्हणत असेल तर टाळ्या वाजवू नका.

मग आपल्याला काय पाहिजे याची यादी करून उपयोग काय?

उपयोग एवढाच की नवीन माणूस खुर्चीत बसतो तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याच्यासमोर फक्त खातेप्रमुखांची प्रेझेंटेशन्स असतात, आणि त्या स्लाइडवर शहर फार सुंदर दिसतं. त्याच वेळी बाहेरून दहा जागांवरनं एकच गोष्ट कानावर गेली तर ती नोंदवहीत उतरते. आणि दुसरं, यादी आपल्याजवळ असली की सहा महिन्यांनी विचारता येतं ना, की साहेब, याचं काय झालं. नाहीतर प्रत्येक नव्या आयुक्ताकडे आपण गुच्छ घेऊन जातो आणि फोटो काढून घरी येतो.

महापौर मोठा की आयुक्त?

मान महापौरांचा, सही आयुक्तांची. धोरण, बजेट, मोठे ठराव हे महासभा आणि स्थायी समितीकडे, अंमलबजावणी सगळी आयुक्तांकडे. बजेटचा अंदाज आयुक्त बनवतात, तो १६ जणांच्या स्थायी समितीकडे जातो, मग महासभेत. महापौरांची मुदत अडीच वर्षं.

मध्ये मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली, त्या जवळपास चार वर्षांत आयुक्तच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. त्या काळात काही कामं पटापट झाली हे खरं, पण कुठला विषय कधी मंजूर झाला हे लोकांना टेंडर निघाल्यावर कळायचं. आता सभागृह आलंय, १२२ नगरसेवक आलेत, म्हणजे पुढच्या आयुक्ताला परत ऐकून घ्यायची सवय लावावी लागणार आणि नगरसेवकांनाही नुसतं ओरडायच्या ऐवजी कागद वाचायची.

सगळ्यात जास्त लोक काय मागतायत? एकच गोष्ट सांगा.

टिकणारा माणूस.

मला वाटलं होतं खड्डे म्हणतील. खड्डे दुसऱ्या नंबरला आले. फेब्रुवारी २०१८ पासून मोजा, तुकाराम मुंढे, राधाकृष्ण गमे, कैलास जाधव, रमेश पवार, चंद्रकांत पुलकुंडवार, अशोक करंजकर, आणि डिसेंबर २०२४ ला मनीषा खत्री. खत्रींच्या आधीच्या सहा जणांची सरासरी काढली तर माणशी सव्वा वर्षही भरत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर एका अधिकाऱ्याचं नाव निघालं आणि काही दिवसांतच ते बदलून दुसरं आलं. आयएएसच्या नियमांत २०१४ पासून किमान दोन वर्षांची मुदत लिहिलेली आहे, पण "जनहितार्थ" किंवा "प्रशासकीय कारणास्तव" असं लिहिलं की झालं.

याचा त्रास आपल्याला कुठे होतो ते बघा. नवीन आयुक्ताला शहर समजायला तीन-चार महिने, मग एक पावसाळा, मग बजेट, मग बदलीची कुजबूज, आणि कुजबूज सुरू झाली की खालचा स्टाफ फाईल धरून ठेवतो, कारण "नवीन साहेब आल्यावर बघू". ठेकेदाराला हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहितीये. तो नोटिसीला घाबरत नाही, तो फक्त वाट बघतो. म्हणून लोकांचं म्हणणं असंय की हुशारीत उन्नीस-बीस असला तरी चालेल, पण निदान दोन पावसाळे इथे काढणारा पाहिजे, म्हणजे पहिल्या पावसाळ्यात जे सांगितलं त्याचा जाब दुसऱ्या पावसाळ्यात त्यालाच विचारता येईल.

पण हे तर सरकारच्या हातात आहे, आयुक्ताच्या नाही?

बरोबर. म्हणून ही मागणी आयुक्ताकडे करायचीच नाही, आमदार, खासदार आणि पालकत्व मिरवणाऱ्या मंत्र्यांकडे करायची. बदली झाली की आनंदाने पेढे वाटणारे आणि निषेध करणारे दोन्ही आपल्याकडे असतात, बदली का झाली हे लेखी विचारणारा मात्र दिसत नाही.

मुंढेंसारखा पाहिजे का?

हा प्रश्न विचारला की मीटिंग अर्धी-अर्धी फुटते, अजून.

फेब्रुवारी २०१८ ला आले, नोव्हेंबर २०१८ ला गेले, नऊ महिने. तेवढ्यात "वॉक विथ कमिशनर" सुरू केलं, लोक सकाळी सकाळी कागद घेऊन रांगेत उभे राहायचे, अधिकारी वेळेवर यायला लागले, तक्रारीला उत्तर यायला लागलं. आणि त्याच वेळी घरपट्टीचे दर आणि मोकळ्या जागेवरचा कर असा वाढवला की शेतकऱ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे रस्त्यावर आले. ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाची तयारी झाली, मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडून थांबवली. (कायद्याने एकूण नगरसेवकांपैकी ५/८ जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं तर आयुक्ताला जावं लागतं, १२२ च्या सभागृहात म्हणजे ७७ मतं.) ठराव टळला, तरी काही महिन्यांत बदली झालीच.

आता माझं मत. शिस्त लोकांना आवडली होती, अजूनही आठवण काढतात. पण एका माणसाच्या धाकावर चाललेली शिस्त तो माणूस गेल्याच्या दुसऱ्या सोमवारी संपते आणि तसंच झालं. चांगला आयुक्त म्हणजे जो गेल्यावरही विभागीय कार्यालयातला क्लार्क तक्रारीची तारीख लिहून ठेवतो, कारण सिस्टीमच तशी लावलीये. ते टीव्हीवर दिसत नाही, त्याचे रील होत नाहीत. सिंघम बघायला मजा येते, पण गटार तुंबल्यावर सिंघम नाही, ड्रेनेजची गाडी पाहिजे असते.

पुढचा आयुक्त कुंभाचा असेल की शहराचा?

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. कुंभाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, अमृतस्नानं नाशिकला २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७. म्हणजे या काळात जो कोणी खुर्चीवर असेल त्याचा अर्धा दिवस आढावा बैठकीत जाणार. कुंभासाठी वेगळं प्राधिकरण केलंय, वेगळे कुंभमेळा आयुक्त नेमलेत, विभागीय आयुक्त आहेत, जिल्हाधिकारी आहेत, पोलीस आयुक्त आहेत. एवढे "आयुक्त" एका शहरात की सामान्य माणसाने फोन कोणाला करायचा हेच कळत नाही.

लोकांचा कुंभाला विरोध नाहीये, नाशिककर कुंभाचा अभिमान बाळगणारा माणूस आहे, घरात पाहुणे उतरवून घेतो. पण २७ ऑगस्ट २००३ ची सरदार चौकातली चेंगराचेंगरी जुन्या पंचवटीकर माणसाला विचारा, ३९ जीव गेले. त्यामुळे गर्दीचं नियोजन, अरुंद गल्ल्या, उतार, बॅरिकेड याच्यात कुठलीही तडजोड नको हे सगळ्यांना मान्य. मागणी दुसरी आहे. रिंग रोड, पूल, घाट, साधुग्राम (साधूंच्या मुक्कामाची जागा) या मोठ्या कामांसाठी प्राधिकरण असेल तर महापालिकेच्या आयुक्ताने रोजच्या कामांसाठी एक अतिरिक्त आयुक्त पूर्ण मोकळा ठेवावा, ज्याला कुंभाच्या एकाही मीटिंगला बोलावायचं नाही. सिडकोतल्या माणसाच्या नळाला पाणी येत नाही याचं उत्तर "सध्या सगळे कुंभाच्या कामात आहेत" हे असू शकत नाही, कुंभ बारा वर्षांनी येतो, पाणी रोज लागतं.

अजून एक, कुंभाच्या नावाखाली काय काय बांधलं आणि त्याची देखभाल २०२८ पासून कोण, कुठल्या बजेटमधून करणार, हे आत्ताच लिहून द्या. मागच्या वेळची कितीतरी कामं बघवत नाहीत.

खड्ड्यांचं काय?

काय सांगायचं. नाशिकचा पाऊस काही कोकणासारखा नाही, तरी जुलै आला की द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, गरवारे पॉइंट, कुठेही जा, गाडी पहिल्या गिअरमध्ये.

लोकांना वाटतं डांबर कमी टाकतात. तेही असेल. पण खरा गोंधळ खोदकामाचा आहे. रस्ता होतो, दोन महिन्यांनी गॅसची लाईन येते, मग पाण्याची, मग ड्रेनेजची, मग केबलवाला रात्रीतून येऊन जातो. प्रत्येक जण फोडण्याचे पैसे महापालिकेला भरतो, म्हणजे रस्ता परत नीट करायचे पैसे जमा असतात, आणि भरतात काय तर माती आणि वर थोडी कच. पहिल्या सरीत ती बसते आणि चर तयार होतो, अगदी टू-व्हीलरच्या चाकाच्या मापाचा. एका कॉलनीत तर लोकांनीच तुटलेली फरशी, कुंडी आणि झाडाची फांदी लावून चर दाखवायची सोय केलीये, कुंडीतला गवती चहा चांगला वाढलाय हे विशेष.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक खोदकामाचं वर्षभराचं वेळापत्रक, सगळ्या खात्यांचं मिळून, लोकांना दिसेल असं. मेनंतर खोदायला परवानगीच नको. आणि प्रत्येक नव्या रस्त्यावर बोर्ड, ठेकेदार कोण, काम कधी संपलं, दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर कधीपर्यंत. हे शेवटचं टेंडरमध्ये असतंच, फक्त रस्त्यावर राहणाऱ्याला कोणी सांगत नाही, त्यामुळे तो नगरसेवकाच्या मागे लागतो, नगरसेवक निधी टाकतो आणि ज्याने फुकट दुरुस्त करायचा होता तो सुटतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाल्यास ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या असा आदेश दिलाय. नव्या आयुक्ताने त्यासाठी अर्ज कुठे करायचा, कोणता कागद लागतो, याची पाटी प्रत्येक विभागीय कार्यालयात लावावी, एवढं तरी.

रस्ते अपघाताशी आयुक्ताचा काय संबंध, ते पोलिसांचं काम ना?

दोघांचं. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे मिरची चौकात बस पेटली, १२ जण गेले, त्यानंतर अतिक्रमणं हटली, ब्लॅक स्पॉटचा, म्हणजे सतत अपघात होणाऱ्या जागांचा, सर्व्हे झाला, गतिरोधक आले. ते आधी होऊ शकलं असतं. सिग्नल, लाईट, दुभाजक, वळणावरचं झाड छाटणं, पट्टे मारणं हे सगळं महापालिकेकडे येतं. (हायवेवरचा उड्डाणपूल आणि त्याखालचा भाग मात्र राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा, तिथे दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलात की तुम्हाला हे तत्त्वज्ञान पाठ होतं.)

धरण भरतं तरी शनिवारी पाणी बंद का? आणि आयुक्त बदलल्याने पाणी वाढेल का?

वाढणार नाही. पाणी गंगापूर धरण समूहातून, मुकणेतून आणि दारणेतून येतं, धरणं जलसंपदाच्या ताब्यात, महापालिकेला आरक्षण मिळतं. पाऊस कमी झाला की जायकवाडीला सोडायचा विषय निघतो, २०१८ ला निघाला, २०२३ ला निघाला, तिथे आयुक्ताचं काही चालत नाही.

चालतं ते वाटपात. एकाच शहरात कुठे दिवसभर टाकी भरून वाहतेय, गाड्या धुतायत, आणि पाथर्डी शिवार, सातपूर-अंबडच्या वरच्या भागात, पंचवटीच्या टोकाला बायका मध्यरात्री मोटर लावून बसल्यात. व्हॉल्व्ह कोणी किती फिरवायचा हे त्या भागातल्या व्हॉल्व्हमनला माहिती असतं, कागदावर कुठेच नसतं. नव्या आयुक्ताने झोनप्रमाणे पाण्याची वेळ आणि दाब जाहीर करावा, आणि शनिवारी दुरुस्तीसाठी बंद ठेवलं तर रविवारी काय दुरुस्त झालं ते सांगावं. रविवारी कमी दाबाने येणार हे आम्हाला सांगायची गरज नाही, पिंप भरून ठेवलेलंच असतं.

गोदावरीबद्दल लोक काय म्हणतात?

पंचवटीत एक आजी म्हणाल्या, "पूर्वी तांब्यात घेतलं तर तळ दिसायचा." आता पाणवेली दिसतात.

नदीचा प्रश्न आरतीने सुटत नाही, मलनिस्सारण केंद्राने सुटतो. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर अशी केंद्रं आहेत, पण शहर त्याच्यापेक्षा पुढे पळालंय, नवीन वस्त्यांचं सांडपाणी नाल्यात, नाला नासर्डी किंवा वाघाडी नदीत, आणि ती नदी गोदेत. जुनी केंद्रं बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ३० च्या हिशोबाने बांधली, आता १० पाहिजे. २०१२ पासून उच्च न्यायालयात याचिका, निरी या पर्यावरण संशोधन संस्थेची देखरेख, गोदावरी संवर्धन कक्ष, सगळं झालंय. त्यामुळे नवा आयुक्त येऊन नवीन समिती नेमणार असेल तर कृपया नको.

काय पाहिजे? प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी दर आठवड्याला लोकांसमोर, आकड्यासकट. रामकुंडावर एक बोर्ड लावा, आज पाणी कसंय. चांगलं नसेल तर नाही म्हणून लिहा. भाविक आंघोळ करणारच आहेत, निदान लहान पोराला चूळ भरायला देणार नाहीत.

आणि पात्रातलं काँक्रीट. २००३ च्या कुंभाच्या वेळी कुंडांचे तळ काँक्रीटने झाकले गेले आणि खालचे जिवंत झरे बंद झाले, ते काढा म्हणून काही माणसं कोर्टात वर्षानुवर्षं भांडतायत. या कुंभाच्या घाईत परत तेच ओतलं जाऊ नये ही जुन्या नाशिककरांची सगळ्यात मोठी भीती आहे आणि मला ती अगदी रास्त वाटते.

पुराच्या वेळी आयुक्त काय करणार, पाऊस थोडीच थांबवणार?

पाऊस नको थांबवू, सरस्वती नाला साफ ठेव. २००८, २०१६, २०१९, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो, ते ठीक, ते धरणातून सोडलेलं पाणी. पण सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार इथे गोदेला पूर नसतानाही तासाभराच्या पावसात दुकानात पाणी शिरतं, हे नदीचं नाही, गटाराचं. दुकानदार शटरच्या आत लोखंडी पट्टी बसवून घेतात, त्यावर प्लास्टिक, त्यावर वाळूची पोती. सोन्याच्या बाजारात वाळूची पोती! नालेसफाईचं बिल मेमध्ये निघतं, ते पहिल्या मोठ्या पावसानंतर काढा असं एका व्यापाऱ्याने सुचवलंय, मला फार आवडलं.

आणि निळ्या पूररेषेच्या आत जी बांधकामं होतायत त्याच्यावर नव्या आयुक्ताचं नगररचना खातं काय करतं यावरनं आम्ही त्याला ओळखू.

झाडांचं?

वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्ष आयुक्तच असतो, म्हणजे तोडायची परवानगी आणि वाचवायची जबाबदारी एकाच खुर्चीत. २०२५ च्या शेवटी साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची नोटीस निघाली तेव्हा लोक किती चिडले ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या आधी २०२२ ला उंटवाडीचा जुना वड उड्डाणपुलाच्या आड येत होता, तेव्हाही लोकच उभे राहिले. झाडावर नोटीस चिकटवायची आणि सात दिवसांत हरकत घ्या म्हणायचं, याच्याऐवजी आराखडा काढतानाच झाडांचा नकाशा घ्यावा. आणि "एकाच्या बदल्यात दहा लावू" म्हणणाऱ्याला मागची दहा दाखव म्हणावं.

घंटागाडी?

यावर आपण मिरवायचो. नव्वदच्या दशकात नाशिकने घंटागाडी सुरू केली आणि बाकी शहरं बघायला यायची. अजूनही बऱ्याच ठिकाणांपेक्षा बरं चाललंय. तक्रार एवढीच, वेळ पक्की ठेवा, आणि आपण घरात ओला-सुका वेगळा करतो तो गाडीत एकत्र होताना दिसला की दुसऱ्या दिवसापासून कोण वेगळा करेल?

घरपट्टी वाढवणारा आयुक्त नको ना?

सरळ उत्तर: वाढवली तरी चालेल, पण आधी ज्यांच्यावर लागलीच नाही त्यांना लावा. नोंदच नसलेल्या मिळकती, घर म्हणून नोंद आणि खाली गोडाऊन, थकबाकीदारांची मोठी नावं. जो माणूस एप्रिलमध्ये सवलतीसाठी पहिल्या आठवड्यात ऑनलाईन भरतो त्याच्याच खिशात दरवेळी हात घालायचा हे बरोबर नाही. ढोल वाजवून वसुली करायची हौस असेल तर मोठ्या थकबाकीदाराच्या दारात आधी वाजवा.

सिटीलिंक बस?

८ जुलै २०२१ पासून सुरू आहे आणि खरं सांगायचं तर पोरांना, कामगारांना, नाशिकरोड-सीबीएस करणाऱ्यांना मोठा आधार आहे. पण ठेकेदाराने पगार थकवला की चालक-वाहक संपावर जातात आणि परीक्षेच्या दिवशी स्टॉपवर पोरं ताटकळतात. पगार वेळेत होतो की नाही हे दर महिन्याला बघणारा आयुक्त पाहिजे, संप झाल्यावर बैठक घेणारा नको.

आणि मेट्रो?

२०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये निओ मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर झाले होते. पुढचा प्रश्न.

महापालिकेत माणसंच नाहीत म्हणतात, मग आयुक्त काय करणार?

हे बहाणा नाहीये, खरं आहे. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्त्यांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरती अडते, आणि आपली महापालिका १९८२ ला झाली तेव्हाचे लोक रिटायर होत होत संपले. शहर मात्र २०११ च्या जनगणनेलाच १४ लाख ८६ हजारांवर होतं, आता किती असेल अंदाज करा. एकेका इंजिनिअरकडे तीन-तीन चार्ज. म्हणून मुंबईला जाऊन सचिवांच्या केबिनबाहेर बसून इंजिनिअर, डॉक्टर आणि अग्निशमनच्या जागा मंजूर करून आणणारा आयुक्त हवाय. दवाखान्यांचं तर विशेष. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्याच झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजन गळती झाली, वीसहून जास्त पेशंट गेले. यंत्र विकत घेणं सोपं, ते रोज तपासणारा माणूस कायमचा तिथे असला पाहिजे ना.

नाशिकचाच किंवा मराठीच अधिकारी हवा का?

काही जण म्हणतात. मला नाही तेवढं वाटत. कुठूनही येऊ दे, दोन महिन्यांत गावठाण आणि लेआउट यातला फरक कळला पाहिजे आणि सिडकोतल्या बाईची तक्रार दुभाष्याशिवाय समजली पाहिजे.

बिबट्या आला तर आयुक्तांना सांगायचं का?

वनविभाग, १९२६. पण कॉलनीमागचं माजलेलं गवत, मोकळ्या प्लॉटवरचा कचरा आणि त्यावर जमणारी कुत्री हे महापालिकेचं, आणि बिबट्या त्यासाठीच येतो.

आयुक्तांना भेटता येईल का? तक्रारीचं काय होतं?

भेटायचे वार ठरलेले असतात, पण नागरिकाने प्रत्येक गोष्टीला आयुक्ताकडे जावं लागणं हाच खरा दोष आहे. सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर, प्रत्येकाला विभागीय अधिकारी आहे, त्याच्याकडेच काम व्हायला पाहिजे. अ‍ॅपवर तक्रार टाकली की चार दिवसांनी "निकाली" येतं आणि चेंबरचं झाकण तसंच तुटलेलं असतं, हे इतक्या जणांनी सांगितलं की मोजणं सोडून दिलं. म्हणून लोकांची सगळ्यात व्यवहारी मागणी ही: तक्रारदाराने हो म्हटल्याशिवाय आणि कामाचा फोटो टाकल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. यासाठी ठराव नको, बजेट नको, आयुक्ताचं एक परिपत्रक पुरे.

दुसरं, कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा आहे, म्हणजे मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं सांगायची. तुमच्या भागात झाल्याचं आठवतंय? तेच.

ही यादी नव्या आयुक्तापर्यंत पोचवायची कशी?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून नाही. आपल्या भागापुरते दोन-तीनच मुद्दे घ्या, जागेचं नाव आणि तारखेसकट, एका पानात लिहा, सोसायटीच्या दहा-वीस सह्या घ्या आणि विभागीय कार्यालयात द्या, एक प्रत मुख्यालयात. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि विचारायचं काय तर "अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही केली, फाईल सध्या कोणाच्या टेबलावर आहे". दाखले, नोंदी वगैरेसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा, त्यात उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे.

देताना आवक-जावकच्या खिडकीवर आपल्या प्रतीवर शिक्का, नंबर आणि तारीख घ्या. "साहेब जेवायला गेलेत, नंतर या" म्हणाले तर तिथेच बसा, सव्वादोनला येतात.